चौदा नंबरची जाळी

लेनोरा पेट्रीला उभ्या आयुष्यात कुणी कारागीर म्हटलं नव्हतं. कारखान्यात ती ‘चौदा नंबर’ होती, घरी ‘लेन’ होती, आणि पगाराच्या चिठ्ठीवर ‘जाळी विभाग, तिसरा मजला’ एवढीच तिची ओळख छापलेली असे. अडतीस वर्षं तिने एकच काम केलं. बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर जाळी कोरली.

दस्ता अक्रोडाचा. जिथे मूठ येते आणि जिथे पुढचा हात धरतो, तिथे लाकूड गुळगुळीत राहिलं तर पावसात, बर्फात हातातून निसटतं. म्हणून तिथे आधी एका बाजूने तिरक्या रेघा पाडायच्या, मग दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकमेकींना छेदल्या की इवल्या इवल्या शंकरपाळ्यांची जाळी तयार होते. इंचाला वीस रेघा. हातातल्या दातेरी हत्याराचा एक दात पाडलेल्या रेघेत ठेवायचा आणि दुसऱ्याने शेजारची रेघ काढायची. पहिली वाकडी गेली की पुढच्या साऱ्या तिच्यामागे वाकड्या.

कॉर्बिन फॉल्स हे कालव्याच्या काठचं गाव. थर्लो कंपनीचा लाल विटांचा कारखाना मधोमध, आणि गाव त्याच्या भोवती. लेनोरा एकोणिसाव्या वर्षी तिथे लागली, तेव्हा जाळी विभागात बावीस बाया आणि तीन पुरुष होते. मुकादमीण डोंब्रॉव्हस्कीबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “पोरी, रेघ संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही. आणि शिंक आली तर आधी हात उचल, मग शिंक. देवाचं नाव नंतर घे.”

प्रत्येकीने आपला नंबर दस्त्याच्या आत, खांद्याला टेकणाऱ्या टाचेच्या लोखंडी पट्टीखाली, पेन्सिलीने लिहायचा असा नियम होता. त्यात मानाचं काही नव्हतं. माल खराब निघाला तर कुणाच्या पगारातून कापायचं ते कळावं म्हणून. लेनोराचे पैसे अडतीस वर्षांत चारदा कापले गेले. चारही वेळचे दस्ते तिला अजून आठवतात.

मग कारखाना बंद पडला. दिवाळखोरी, वकील, फाटकाला साखळी. लेनोरा तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. नवरा गॉर्डन त्याच्या आधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. ती गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि सहा वर्षं चारशे मुलांचे बटाटे सोलले. सोलताना हात तसाच चालायचा, एका लयीत, न थांबता. बरोबरच्या बाया हसायच्या. “लेनोरा, बटाट्यावर नक्षी नको काढूस, मुलं खाणार नाहीत.”

दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर ती राहायची आणि खालच्या मजल्यावर तिचा भाऊ ऑरिन. तिच्याहून चार वर्षांनी मोठा. कालव्याच्या दारांवर तो चौतीस वर्षं रखवालदार होता, येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींसाठी पाणी चढवायचा-उतरवायचा. निवृत्त झाल्यावर त्याला एकच नाद उरला, नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला जायचं. आणि एका नोव्हेंबरात धरणाच्या काठाला होडीतून उतरताना त्याची जुनी थर्लो रायफल त्याच्याच हातातून पाण्यात पडली. चाळीस फूट खोल.

सगळ्या गावाने ती गोष्ट चघळली. “चौतीस वर्षं लोकांच्या बोटी सांभाळल्या आणि स्वतःची बंदूक बुडवली!” ऑरिन न्हाव्याकडे जायचाही बंद झाला. केस मानेवर आले.

त्याच सुमाराला बातमी आली की थर्लोचं नाव कुणीतरी विकत घेतलंय. दूर दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलायनात, बेथेल ग्रोव्ह नावाच्या गावी नवा कारखाना निघालाय आणि तीच जुनी रायफल, हाताखालची कडी ओढून काडतूस भरायची, पुन्हा बाजारात येणार आहे. छापील किंमत तेराशे पन्नास डॉलर.

“बघ!” ऑरिन वर्तमानपत्र फडकवत जिना चढून आला. “देव आहे.”

“देव आहे, पण तुझ्याकडे तेराशे डॉलर आहेत का?”

“ते माझं मी बघतो. तू फक्त कॉफी टाक.”

चार दिवसांनी फोन वाजला तो लेनोराचा. पलीकडचा माणूस दक्षिणी हेल काढत, तिकडच्या रीतीने कुणाही बाईला ‘मिस’ म्हणत सावकाश बोलत होता. “मिस लेनोरा पेट्री का? माझं नाव हॉलिस बर्ड. मी नव्या थर्लोत उत्पादन बघतो. तुमच्या जुन्या हजेरीपटावरून नंबर शोधला. सतरा जणांना फोन केले. नऊ वारलेत, सातांनी फोन ठेवला, एकीला ऐकू येत नाही.”

“म्हणजे मी अठरावी.”

“हो मॅडम. आणि आता तुम्ही फोन ठेवू नका, एवढीच विनंती.”

अडचण अशी होती की त्यांनी आधी जाळी यंत्राने कोरून पाहिली होती. नमुने जुन्या शौकिनांना दाखवले, तर त्यांनी इंटरनेटवर नुसता शिमगा केला. ही थर्लो नाही, हे थर्लोचं मढं आहे, असं कुणीसं लिहिलं. मालकांनी घाबरून ठरवलं की जाळी हातानेच कोरायची. पण अख्ख्या बेथेल ग्रोव्हमध्ये एकाही माणसाला ती येत नव्हती.

जानेवारीत लेनोरा गेली. सहा आठवडे. कंपनीने राहायला खोली दिली, सकाळी कुणीतरी गाडी घेऊन यायचं. शिकायला चार जण होते. दोघांना पहिल्या पंधरवड्यातच मानदुखी धरली आणि ते पॅकिंगला गेले. त्यांच्या जागी दुसरे दोघे आले. टिकून राहिली ती ओडेसा ग्रायर, चाळिशीची बाई. वीस वर्षं सोफ्याच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करायची. तो कारखानाही बंद पडलेला. तिचे हात लेनोराने पहिल्या दिवशी पाहिले आणि मनात म्हणाली, ही शिकेल.

“मिस लेनोरा, मी श्वास धरते, पण मग चक्कर येते,” ओडेसा म्हणाली.

“मग रेघ छोटी घे. श्वास वाढेल तशी रेघ वाढव.”

शिकवताना दाखवायला म्हणून लेनोरा स्वतःही कोरत राहिली. सहा आठवड्यांत तिच्या हातून एकेचाळीस दस्ते झाले. प्रत्येकाच्या आत, टाचेच्या पट्टीखाली, सवयीने तिने पेन्सिलीने लिहिलं, चौदा. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिथे गेला. ओडेसाने विचारलं, “हे कशासाठी?” तर लेनोरा म्हणाली, “बिघडलं तर कुणाला बोल लावायचा ते कळावं म्हणून.” मग ओडेसाने स्वतःला दोन नंबर घेतला. एक नको म्हणाली, जास्त होईल.

निघण्याच्या आदल्या दिवशी लेनोराने हॉलिसला विचारलं, “चौघांचे मिळून दिवसाला सात दस्ते होतात. अजून वीस माणसं का नाही घेत?”

हॉलिसने चष्मा काढून पुसला. “मिस लेनोरा, मालक म्हणतात, आज सगळे मागतायत. पण दोन वर्षांनी मागतील का? जुनी कंपनी कशाने बुडाली? मागणी आली म्हणून माणसं घेतली, यंत्रं घेतली, मागणी गेली आणि कर्ज राहिलं. म्हणून थोडं करायचं, नीट करायचं.”

“आणि ज्यांना मिळणार नाही ते?”

“ते वाट बघतील.”

त्यात लेनोराला काही खोटं वाटलं नाही. ती घरी आली आणि तो विषय तिने मनातून काढून टाकला.

मे महिन्यात रायफल बाजारात आली. गावातल्या बर्नीच्या दुकानात दोन आल्या आणि बेचाळीस जणांनी नावं लावली. ऑरिनचा नंबर एकतिसावा. बर्नीने छापील किमतीवर साडेपाचशे चढवले, तरी दोन्ही त्याच दिवशी गेल्या. गाव चिडलं. बर्नी म्हणाला, “अरे, मला शिव्या काय घालता! घाऊक व्यापारी म्हणतो, दोन थर्लो हव्या असतील तर ही आठ पिस्तुलं पण उचल. ती पिस्तुलं कुत्रं विचारत नाही. त्यांचे पैसे मी कुठून काढू?”

ऑरिन उन्हाळाभर खाली-वर करत राहिला. “लेन, तू तिथे शिकवून आलीस. एक शब्द टाक ना त्या हॉलिसकडे.”

“टाकला. तो म्हणाला, कामगारांनासुद्धा मिळत नाहीये.”

“मग तू गेलीस कशाला? फुकट थंडीत गाव सोडून.”

“फुकट नाही गेले. तुझ्या बॉयलरचं तेल त्याच पैशांनी भरलं.”

तरी रोज दुपारी ऑरिन संगणकावर लिलाव बघायचा आणि जिन्यातून ओरडून आकडा सांगायचा. “दोन हजार दोनशे!” आठवड्याने, “दोन हजार सहाशे!” जणू ताप मोजत होता.

सप्टेंबरमध्ये सिरॅक्यूजला जत्रेच्या मैदानावर बंदुकांचं मोठं प्रदर्शन भरलं. ऑरिनने गाडी काढली आणि लेनोराला बरोबर घेतलं. एकट्याने एवढं चालवणं त्याच्या डोळ्यांना झेपत नव्हतं, ती शेजारी बसून पाट्या वाचायची. मोठ्या छपराखाली शेकडो टेबलं, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या विकणारे, चामड्याचे पट्टे, जुन्या संगिनी, आणि मीठ घालून उकडलेल्या बटाट्यांचा वास. ऑरिनला बटाटे खायचे होते. पण त्याआधीच त्याला एका टेबलावर ती दिसली.

नवी थर्लो. निळ्या मखमलीवर आडवी ठेवलेली. शेजारी कार्ड, चार हजार दोनशे.

“बायबलची शपथ!” ऑरिन पुटपुटला.

टेबलामागे पन्नाशीचा, दाढीवाला, स्वच्छ इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस होता. छातीवर परवान्याचं ओळखपत्र: डॅरिल ओस्ट्रँडर. तो हसून उभा राहिला. “बघा ना, हात लावून बघा. बघायचे पैसे नाहीत.”

“चार हजार दोनशे कशाचे आहेत?” ऑरिनने विचारलं. “सोन्याच्या गोळ्या निघतात का यातून?”

“साहेब, ही साधी थर्लो नाही. ही चौदा नंबर आहे.”

लेनोराने मान वर केली.

डॅरिलला ऐकणारे मिळाले होते. त्याने हातमोजे घातले आणि रायफल उचलली. “पहिल्या खेपेतल्या फक्त एकेचाळीस बंदुकांच्या आत पेन्सिलीने ‘चौदा’ लिहिलेलं सापडलंय. लोक टाचेची पट्टी उघडून बघतात आणि फोटो टाकतात. जुन्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्याचा हा नंबर. शेवटचा उस्ताद. कंपनीने त्याला मरणाच्या दारातून बोलावून आणलं, त्याने एवढे दस्ते कोरले आणि गेला बिचारा. वसंतात वारला म्हणतात.”

“कशाने?” लेनोराने विचारलं.

“फुप्फुसं. लाकडाचा भुसा.”

ऑरिनला खोकल्याची उबळ आली. त्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

लेनोराने पर्समधून चष्मा काढला. “बघू का?” तिने रायफल हातात घेतली आणि दस्ता उजेडाकडे फिरवला. मुठीच्या खालच्या टोकाला एक रेघ काठ ओलांडून केसभर पुढे गेली होती. तिने त्यावर अंगठा ठेवला. “इथे घसरलंय.”

“घसरलं नाही मॅडम,” डॅरिल समजावणीच्या सुरात म्हणाला. “ती त्याची खूण आहे. उस्ताद लोक मुद्दाम एक रेघ बाहेर सोडतात.”

“कुणी मुद्दाम सोडत नाही. त्या दिवशी आगीच्या सरावाची घंटा वाजली. आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी दचकले.”

डॅरिल तिच्याकडे बघत राहिला. मग ऑरिनकडे वळला. ऑरिन डोळे पुसत म्हणाला, “वसंतात वारली होती. पण माझ्या बॉयलरची काळजी होती ना, म्हणून परत आली.”

डॅरिल मटकन खुर्चीत बसला आणि त्याने हातमोजे काढले. लेनोराला वाटलं तो आता चिडेल किंवा खोटं ठरवेल. पण तो फक्त म्हणाला, “तुम्ही बाई आहात.”

“जाळी विभागात बायाच होत्या.”

“मॅडम, एक विनंती करू? एका कागदावर सही द्याल? ही बंदूक मी कोरली, एवढंच. दोनशे डॉलर देतो. आत्ता.”

“सही असली की किती होईल हिची किंमत?”

तो ओशाळला, पण खरं बोलला. “साडेपाच हजार.”

“मग नको.” लेनोराने रायफल मखमलीवर ठेवली. “मला एक सांगा, डॅरिल. मी दस्ता कोरला, त्याचे मला तासाचे पैसे मिळाले. कंपनीने तेराशे पन्नास छापले. मधल्यामध्ये हे चार हजार आले कुठून?”

डॅरिलने बोटांवर मोजत सांगितलं. त्यात बढाई नव्हती. घाऊक व्यापाऱ्याने दुकानदाराच्या गळ्यात न खपणारा माल बांधला, म्हणून दुकानदाराने एकोणीसशे घेतले. दुकानात पहिला पोचला त्याला शिकारीला जायचंच नव्हतं, त्याने तसाच बंद खोका लिलावात टाकला आणि एकोणतीसशेला विकला. एकोणतीसशेला घेणारा डॅरिलच होता. मग ‘चौदा’चे फोटो फिरले. “लोकांना वाटतं पुढच्या वर्षी कंपनी परत बुडेल, किंवा कायदा बदलेल, किंवा पुढची खेप यंत्राची निघेल. ज्याला नको आहे तोही घेतो, न जाणो मिळाली नाही तर! मी काही कुणाच्या मानेवर सुरी ठेवत नाही. माझ्या हातात आली तेव्हाच ती महाग होती.”

“आणि तुमच्याकडून घेणारा काय करेल तिचं?”

“कपाटात ठेवेल. काचेच्या.”

“चालवणार नाही?”

“चालवली तर किंमत निम्मी होते, मॅडम.”

परतीच्या वाटेवर ऑरिनने दोघांसाठी उकडलेले बटाटे घेतले होते. लोण्याने हात तेलकट झाले, म्हणून गाडी रस्त्याकडेला लावून तो खात होता. “म्हणजे मला जी परवडत नाही ती तूच महाग केलीस,” तो म्हणाला. “सख्ख्या बहिणीने.”

लेनोरा हसली नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती. एकेचाळीस बंदुका. जाळी ओल्या हातासाठी असते. त्यातली एकही पावसात भिजणार नव्हती.

ऑक्टोबरमध्ये हॉलिसचा फोन आला. आवाजात उत्साह होता. मालकांच्या कानावर चौदा नंबरची गोष्ट गेली होती. शंभर बंदुकांची खास आवृत्ती काढायची, दस्त्यावर चांदीची पट्टी, पट्टीवर लेनोराची सही. छापील किंमतच साडेपाच हजार. “आणि तुम्हाला प्रत्येकी तीनशे, मिस लेनोरा. तीस हजार होतात.”

तिने चार दिवस मागितले. तीस हजार म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातला दीड वर्षाचा पगार. छताला गळती होती. ऑरिन म्हणाला, “घे. यात विचार काय करायचा? तू नाही घेतलेस म्हणून त्या शंभर श्रीमंतांना रडू येणार नाही.” त्याचं चुकत नव्हतं. दोन रात्री तिला वाटलं घ्यावेत. तिसऱ्या सकाळी तिने टेबलाशी बसून अक्रोडाच्या तुकड्यावर दोन इंच जाळी कोरून पाहिली. अजून सरळ येत होती. पण करंगळीला थरथर सुरू झाली होती. वर्ष, फार तर दोन वर्षं. त्यानंतर तिला जे येतं ते शंभर चांदीच्या पट्ट्यांखाली, शंभर कपाटांत असेल, आणि ओडेसासारख्या चौघांच्या हातात.

तिने हॉलिसला फोन केला. “सही नाही. पट्टी नाही. पण मी तीन महिने येते, तासाच्या पैशावर. तुम्ही आठ माणसं नवी घ्यायची आणि मी त्यांना शिकवायचं. ओडेसा त्यांची मुकादमीण.”

“मिस लेनोरा, मालकांना शंभर बंदुका हव्यात आणि तुम्ही मला आठ पगार सांगताय.”

“लोक चार हजार देतायत ते तुमच्या खिशात येतायत का? नाही. त्या दाढीवाल्याच्या येतायत. दुप्पट बंदुका करा, तेराशेलाच विका, तुमच्या खिशात येतील. एवढा हिशोब तर मला बटाटे सोलतानासुद्धा जमायचा.”

हॉलिस हसला. मग म्हणाला, “विचारतो.”

दोन आठवडे गेले. मालक आठांना नाही म्हणाले, पाचांना हो म्हणाले. खास आवृत्ती त्यांनी तिच्याशिवायही काढली, साठच काढल्या, आणि चांदीच्या पट्टीवर कंपनीचंच नाव घातलं. त्या खपल्याही. लेनोराला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याला चांदी हवी त्याला चांदी मिळाली.

त्या नोव्हेंबरात ऑरिन शेजाऱ्याची जड बंदूक उसनी घेऊन रानात गेला आणि खांदा दुखवून परत आला. जानेवारीत लेनोरा पुन्हा दक्षिणेला गेली. पाचांपैकी एक रडून सोडून गेला, चार टिकले. त्यात एक ट्रकचालक होता, भला मोठा, पंजे अस्वलासारखे. त्याची रेघ सगळ्यांत बारीक यायची. लेनोराला त्याचं शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. एप्रिलपर्यंत दिवसाचे सोळा दस्ते होऊ लागले. शेवटच्या आठवड्यात तिने स्वतः हत्यार हातात घेतलंच नाही. ओडेसा टेबलांमधून फिरत होती. “शिंक आली तर आधी हात उचल,” असं ती कुणाला तरी सांगत होती. नुसत्या शब्दांत नाही, त्याच वैतागलेल्या सुरात. लेनोरा खिडकीशी उभी राहून कॉफी पीत ऐकत होती.

किंमत एका दिवसात उतरली नाही. उन्हाळ्यात बर्नीकडे महिन्याला चार-पाच येऊ लागल्या, मग यादी संपली, मग एक रायफल तीन आठवडे मांडणीवर तशीच उभी राहिली. छापील किमतीला. मध्येच लष्कराच्या कुठल्याशा नव्या बंदुकीची नागरी आवृत्ती निघाली आणि ज्यांना घेऊन कपाटात ठेवायचं होतं ते सगळे तिच्या मागे धावले. तेही एक कारण होतं. कुठलं किती, ते कुणी सांगावं? पण डॅरिलने मात्र सरळ लेनोराला फोन केला. नंबर त्याने कसा मिळवला देव जाणे.

“मॅडम, तुमच्या पायी बुडालो. ती चौदा नंबर शेवटी अठ्ठावीसशेला गेली. शंभराचा खड्डा.”

“मग आता?”

“आता ती नवी लष्करी घेतोय. सहा हजारांवर आहे.”

“डॅरिल, तुम्ही काही शिकणार नाही.”

“नाही मॅडम,” तो आनंदाने म्हणाला. “तब्येतीला जपा. परत वारू नका.”

ऑक्टोबरच्या एका सकाळी ऑरिन बर्नीकडून लांबट खोका घेऊन आला. तेराशे पन्नास, वर कर. त्याने न्हाव्याकडे जाऊन केसही कापले होते. नोव्हेंबरमध्ये तो पाच दिवस रानात गेला. पावसात, चिखलात, होडी सोडून सगळीकडे. हरीण एकही मिळालं नाही. रायफलीच्या दस्त्यावर पहिल्याच दिवशी एक लांब ओरखडा पडला, तो त्याने प्रत्येकाला दाखवला.

डिसेंबरमध्ये ओडेसा भेटायला आली. तिला बर्फ पाहायचं होतं. विमानतळावरून येताना तिने वाटभर खिडकीला नाक लावून ठेवलं होतं. दुपारी लेनोराने तिला गावात फिरवलं. टोमॅटोचा दाट रस थापलेला पाव, गारच खायचा ‘टोमॅटो पाय’ घेतला, तो कागदात गुंडाळून दोघी कालव्याच्या पुलावर उभ्या राहिल्या. पाणी काठाकाठाने गोठलं होतं. समोर बंद कारखाना. तिसऱ्या मजल्याच्या काचा फुटल्या होत्या, आत पारवे.

“तुमची खिडकी कुठली, मिस लेनोरा?”

लेनोराने मोजली. “डावीकडून सहावी. सकाळचं ऊन तिथे आधी यायचं, म्हणून मी ती जागा मिळवायला अकरा वर्षं थांबले. डोंब्रॉव्हस्कीबाई निवृत्त झाल्यावर मिळाली.”

ओडेसा बराच वेळ वर बघत राहिली. “आमच्याकडे उजेड उत्तरेकडून येतो,” ती म्हणाली. “दुपारी सावली रेघेवर पडते. मी हॉलिसला सांगितलंय, टेबलं फिरवा म्हणून. तो म्हणतो, वायरिंग बदलावं लागेल.”

“बदलायला लाव,” लेनोरा म्हणाली. “थांबू नकोस.”

मग वारा सुटला, पावाचा कागद उडायला लागला, आणि दोघी हात खिशात घालून घराकडे वळल्या. घरी ऑरिन स्टोव्हपाशी उभा राहून भाजी जाळत होता आणि वास पार रस्त्यापर्यंत येत होता.